आमच्या दुकानातील उपग्रह

माझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही आणि मला वायरिंग करता येत नाही. या दोन उणिवांची गाठ एका कोऱ्या मोटारसायकलपाशी पडेल असे मला कधी वाटले नव्हते. पण ती पडली, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीतले माझे चार दिवस त्यात गेले. त्या दिवसांत मैत्रिणी विचारीत होत्या, "सुट्टीत कुठे गेली होतीस?" मी म्हणे, "कुठेच नाही, दुकानात होते." ते खरेच होते. परंतु त्या चार दिवसांत दुकान मात्र बरेच लांब जाऊन आले, त्याची ही हकीकत.

कराडला कोल्हापूर नाक्यापासून थोडे आत गेले की गॅरेजांची एक रांग लागते. त्या रांगेत दहा बाय बाराचा आमचा गाळा आहे. पाटीवर पेंटरने 'ऑटो इलेक्ट्रिशन' असे लिहून ठेवले आहे. त्यातली चूक मी नववीत असताना आप्पांच्या नजरेस आणली होती. ते म्हणाले, "गिऱ्हाईक पाटी वाचून येत न्हाय, धक्का मारत येतं." आप्पांचे शिक्षण सातवीपर्यंत. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून ते पुण्याला नाना पेठेत गेले, तिथे एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षे राबले आणि मग कराडला येऊन त्यांनी हा गाळा घेतला. सेल्फ, हॉर्न, कॉइल, बॅटरी, इंडिकेटर हा त्यांचा संसार. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे दुकानात येणारा प्रत्येक जण मला एक प्रश्न हक्काने विचारतो : "बी. ए. करून पुढं काय?" बॅटरीचे पाणी बदलेपर्यंत त्याला तेवढाच विरंगुळा. मी बिलाच्या वहीत मान घालून बसते.

संध्याकाळी दोन-तीन तास मी दुकानात असते. बिले लिहिणे, सामानाची यादी मोबाइलवरून पुण्याला पाठविणे, खोक्यांवरची अक्षरे वाचून सांगणे, ही माझी कामे. ती हल्ली कमी झाली आहेत, कारण मूळ कामच कमी झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना 'बी एस सिक्स'चा नियम लागू झाला. कार्बोरेटर जाऊन त्या जागी इंधन फवारणारे यंत्र आले आणि सीटखाली एक लहानशी काळी पेटी आली. सगळा कारभार ती पेटी पाहते. पूर्वी पावसाळा लागला की दर दोन गाड्यांमागे एक तरी पाणी शिरल्याने बंद पडून आमच्या दारात येई. आता ती येत नाही, आणि आली तरी लॅपटॉप जोडल्याशिवाय दुखणे सांगत नाही. एल. ई. डी. दिवे आल्यापासून 'बल्ब गेला' म्हणून येणारे गिऱ्हाईकही गेले. आमच्या रांगेतले दोन गाळे गेल्या तीन वर्षांत बंद झाले. एकात आता वडापाव मिळतो. आप्पा याबद्दल काही बोलत नाहीत. फक्त दुपारी त्यांचा मल्टिमीटर पुसण्याचा उद्योग वाढला आहे.

अशा दिवसांत ते जोडपे आले. गृहस्थ नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले, बाई शाळेत शिक्षिका होत्या. गाडी साडेतीनशे सीसीची, कोरी, सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते. दोघांना कन्याकुमारीला जायचे होते. बाईंच्या हातात एक खोका होता, गृहस्थांच्या हातात दुसरा.

"मिस्त्री, हे दोन्ही बसवायचं आहे," गृहस्थ म्हणाले. "याच्यातून रस्ता दिसतो. आणि तिच्या खोक्यात इंटरकॉम आहे, हेल्मेटमध्ये बसवायचा."

"बत्तीस वर्षं मी यांच्या स्कूटरवर मागे बसून बोलत आले," बाई म्हणाल्या. "त्यातलं एक अक्षर यांना ऐकू गेलेलं नाही. प्रत्येक वेळी 'काय?' म्हणून मागे मान वळवायचे. माझा जीव जायचा."

"आणि रस्त्याचं यंत्र?" मी विचारले.

"ते, हे कुणाला रस्ता विचारत नाहीत म्हणून."

गृहस्थ हसले, पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "मिस्त्री, एक सांगून ठेवतो. जिथून गाडी घेतली तिथे म्हणाले, बाहेर एक जरी वायर कापली तरी वॉरंटी गेली समजा. आणि ते स्वतः हे बसवून द्यायला तयार नाहीत. तुम्हाला जमेल ना? नाहीतर पुण्याला नेतो."

आप्पांनी गाडीकडे पाहिले. गाडीची किंमत दोन लाखांच्या वर. आमच्या गाळ्यातले सगळे सामान, आप्पांच्या हत्यारांसकट विकले, तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. वायरिंगमध्ये एक ठिणगी चुकीच्या जागी पडली आणि ती काळी पेटी जळली तर काय, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असणार. माझ्या तरी चालला होता. ते एवढेच म्हणाले, "ठेवून जावा. चार दिवस लागतील."

पहिल्या दिवशी आप्पांनी हत्याराला हात लावला नाही. शटर अर्धे ओढून घेतले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "वाच बघू काय लिवलंय ते. सगळं वाच. गाळू नगंस."

इंटरकॉमच्या खोक्यात एक जाडजूड पुस्तिका होती. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन अशा भाषांत तीच ती माहिती पुन्हा पुन्हा छापलेली. युरोपातल्या इवल्या इवल्या देशांची सोय तिच्यात होती. हिंदुस्थानातील एकाही भाषेची नव्हती. आपण गिऱ्हाईक म्हणून चालतो, वाचक म्हणून चालत नाही, असे मनात आले. पण आप्पा समोर बसले होते, त्यामुळे हा विचार लांबविता आला नाही.

वाचून दाखविणे सोपे होते, सांगणे अवघड. वर्गात आम्ही इंग्रजी उताऱ्याचे मराठी करतो, तेव्हा समोर सर असतात. शब्द अडला तरी फार तर एक गुण जातो. इथे शब्द अडला की गाडी अडत होती. 'पेअरिंग मोड'ला काय म्हणावे? मी म्हटले, "जोडी जमविण्याची अवस्था."

आप्पा म्हणाले, "ते लग्नाचं ऱ्हाऊ दे. जोड म्हण. बटन किती वेळ दाबायचं, ते सांग."

मग मी एक जुनी दोनशे पानी वही काढली आणि पायरी पायरीने लिहू लागले. 'बटण दाबून धरा. लाल आणि निळा दिवा आळीपाळीने लागेपर्यंत सोडू नका. मग दुसऱ्या हेल्मेटचे तसेच करा. दोन्हींचा दिवा निळा झाला की जोड झाला.' आप्पा ते ऐकत, मान डोलावत आणि मधेच एखादा असा प्रश्न विचारीत की मला पुस्तिका पुन्हा उघडावी लागे. "जोड तुटला तर आपोआप जुळतो, का परत बटन?" हा प्रश्न पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोक्यात आला होता; पण उत्तर त्याने सदतिसाव्या पानावर, भलत्याच मथळ्याखाली दडवून ठेवले होते.

या बिनतारी जोडाला ब्लूटूथ म्हणतात हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आले, हे मला त्या रात्री वाचताना कळले. राजाचे नाव हाराल्ड, टोपणनाव 'निळा दात'. त्याच्या नावाची दोन प्राचीन अक्षरे एकत्र करून ती खूण बनविली आहे. सकाळी मी हे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "राजा हुता व्हय? मग बसव त्येला हेल्मेटात."

दुसरा दिवस हेल्मेटांचा. हे काम दिसते सोपे, पण खरी मेख इथेच आहे. हेल्मेटच्या आत गालाशी गाद्या असतात, त्या काढायच्या. कानाच्या जागी खळगा असतो, त्यात चपटे स्पीकर चिकटवायचे. तारा अस्तराखालून न्यायच्या. आणि बाहेर डाव्या बाजूला यंत्र क्लॅम्पने अडकवायचे. आतल्या पांढऱ्या थर्माकोलला मात्र हात लावायचा नाही. डोके आपटले तर तो थर दबतो आणि डोके वाचते. जागा करण्यासाठी तो कोरला तर हेल्मेट नुसते टोपीसारखे उरते. काही जण सुरीने सरळ कोरतात असे आप्पांनी ऐकले होते. ते म्हणाले, "ऐकायला यावं म्हणून डोस्कं घालवायचं?"

स्पीकर कानाच्या बरोबर समोर यावा लागतो. बोटभर जरी पुढेमागे झाला तरी उभ्या गाडीवर ऐकू येते आणि साठच्या वेगाला वाऱ्याच्या घोंघाटात काही उरत नाही. आता हेल्मेटच्या आत कान नेमका कुठे येतो हे कसे कळणार? आप्पांनी बोट घालून पाहिले, दोरीने मोजून पाहिले. शेवटी युक्ती काढली बाईंनी. त्या मापासाठी आल्या होत्या. पर्समधून पावडरचा डबा काढून त्यांनी यजमानांच्या दोन्ही कानांना पावडर फासली आणि हेल्मेट घालून काढायला लावले. काळ्या अस्तरावर दोन पांढरे कान स्वच्छ उमटले! पांढऱ्या कानांचे ते गृहस्थ आमच्या दुकानात तसेच पाच मिनिटे उभे होते. समोरच्या पंक्चरवाल्याने काम थांबवून पाहून घेतले.

बाईंच्या हेल्मेटची अडचण निराळी होती. एक म्हणजे अंबाडा. तो वर असला की हेल्मेट खाली बसत नाही आणि स्पीकर कपाळाकडे सरकतो. दुसरे म्हणजे कुड्या. स्पीकर कानावर टेकला की कुडीचा मळसूत्र मानेत रुतत होता. पुस्तिकेत वारा, पाऊस, धूळ, बर्फ या सगळ्यांविषयी सूचना होत्या, कुड्यांविषयी नव्हती. बाईंनी अंबाड्याची वेणी घातली. मग थोडा वेळ विचार करून कुड्या काढल्या आणि रुमालात बांधल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या वेळी काढल्या होत्या, त्यानंतर आज." त्यांचे हेल्मेट पुढून उघडे, म्हणून त्यांना दांडीचा माइक, यजमानांचे बंद, म्हणून त्यांना हनुवटीपाशी चिकटविण्याचा. माइक ओठांच्या अगदी जवळ लागतो. लांब राहिला तर शब्दांऐवजी वारा ऐकू जातो.

गृहस्थ नियमाने चालणारे होते. त्यांनी विचारले, "पोलिस पकडणार नाहीत ना?" हे मी रात्री शोधून काढले. गाडी चालविताना हातात मोबाइल धरणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालविण्यात धरला जातो. आणि ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे असे साधन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. हे ऐकल्यावर बाई यजमानांना म्हणाल्या, "म्हणजे मी बोललेलं चालेल; तुम्ही लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही."

तिसरा दिवस वायरिंगचा. त्या दिवशी आप्पा सकाळी आंघोळ करून, देवाला उदबत्ती लावून आले. एरवी ते देवाच्या फारसे वाटेला जात नाहीत.

रस्ता दाखविणाऱ्या यंत्राला बॅटरीचा बारा व्होल्टचा पुरवठा लागतो. तो सरळ बॅटरीवरून घेतला तर गाडी बंद असतानाही यंत्र वीज खात राहते आणि चार दिवसांत सेल्फ मरतो. म्हणून चावी फिरविल्यावरच पुरवठा सुरू होईल अशी सोय हवी. पूर्वी आप्पा काय करीत? चावीची वायर हुडकायची, बोटभर सोलायची, नवी तार तिच्यावर पिळायची आणि वर टेप. दहा मिनिटांचे काम. इथे वायर सोलली की वॉरंटी गेली!

आप्पा सीट काढून बराच वेळ नुसते पाहात उभे राहिले. मग भंगाराच्या डब्यातून त्यांनी चार-पाच जुने कप्लर काढले. कप्लर म्हणजे वायरींची टोके एकमेकांत बसविणारी प्लॅस्टिकची डबी; तिची एक बाजू नर, एक मादी. मागच्या दिव्याच्या वायरीला कंपनीनेच दिलेला असा एक कप्लर होता. तो आप्पांनी नुसता उपसला. त्याच्या मापाचे नर आणि मादी भंगारातून जुळविले, दोघांमध्ये वीतभर वायर टाकली आणि त्या वायरीला आपला फाटा काढला. हा तुकडा मधे खोवला की दिवा पूर्वीसारखा लागतो आणि आपल्याला चावीची खबर मिळते. कंपनीच्या वायरीला नखसुद्धा लागले नाही. तुकडा काढला की गाडी जशीच्या तशी. आप्पांनी त्याला 'पूल' म्हटले. पुढे मी परदेशी माहिती वाचताना पाहिले, तिकडे हेच काम करणारे तयार तुकडे विकत मिळतात. आप्पांनी मात्र ते कुठे पाहिलेले नव्हते.

त्या फाट्याने एक रिले चालवायचा होता. रिले म्हणजे थोड्या विजेने चालणारे बटण. दिव्याच्या वायरीवर भार पडू नये म्हणून तिच्याकडून फक्त इशारा घ्यायचा आणि खरा पुरवठा फ्यूजमधून थेट बॅटरीवरून. रिले बंद होताना त्याच्या गुंडाळीतून उलटा झटका येतो. जुन्या गाडीला त्याचे काही नसे, पण या काळ्या पेटीला तो बाधू शकतो. म्हणून आप्पांनी आत डायोड असलेला रिले पुण्याहून मागविला होता. तार लावताना ते पुटपुटत होते : "तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी." हे आकडे रिलेच्या पायांवर छापलेले असतात. तीस म्हणजे बॅटरी, पंच्याऐंशी-शहाऐंशी म्हणजे गुंडाळी, सत्त्याऐंशी म्हणजे बाहेर. लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे. आमच्या घरात पाढ्यांच्या आधी हे म्हटले जाई. पण एक-दोन-तीन-चार असे सरळ का नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. शोधले तेव्हा कळले की हे आकडे जर्मनीतल्या प्रमाण यादीतले आहेत. तिथल्या अभियंत्यांनी गाडीतल्या एकेका टोकाला आकडा ठरवून दिला आणि जगाने तो उचलला. नाना पेठेतल्या उस्तादाने तो आप्पांना तोंडी दिला. मी म्हटले, "आप्पा, तुम्ही इतकी वर्षं जर्मन बोलताय." ते म्हणाले, "मग बी. ए.ला मलाच बसवायचं हुतं."

तारा टाकीखालून, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब नेल्या. हँडलच्या मानेशी ढील सोडली आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवून पाहिले. इथे तार ताणली गेली तर ती आज नाही, सहा महिन्यांनी घाटात तुटते. शेवटी आप्पांनी फ्यूज हातात घेतला आणि मला म्हणाले, "चावी तू फिरव." मी फिरविली. मागचा दिवा लागला, रिलेने 'टिक्' केले आणि यंत्राचा पडदा उजळला. आप्पांनी गाडीच्या काट्यांकडे पाहिले. बिघाडाचा पिवळा दिवा नेहमीप्रमाणे क्षणभर लागला, आणि इंजिन सुरू करताच विझला. मग ते बाहेर जाऊन चहा पिऊन आले. एकटेच गेले.

यंत्र मात्र रिकामे होते! पडद्यावर एक निळा त्रिकोण आणि भोवती नुसता करडा रंग. रस्ता नाही, नदी नाही, गाव नाही. कारण काय, तर ते जोडप्याच्या मुलाने अमेरिकेतून पाठविले होते आणि त्याच्या पोटात फक्त अमेरिकेचे नकाशे होते. आकडे विचारले तर ते अचूक सांगत होते : उत्तरेस १७ अंशांच्या किंचित पुढे, पूर्वेस ७४ अंशांच्या किंचित पुढे. आपण कुठे आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते. तिथे काय आहे, हे ठाऊक नव्हते.

आप्पांना हे पटेना. "उपग्रहाला दिसतंय न्हवं आपलं कराड? मग दाखवाय काय झालं?"

मला तेव्हा समजावून सांगावे लागले, आणि सांगता सांगता मलाच समजले. उपग्रहाला आपण दिसत नाही. आपल्यासारखे कोणी खाली आहे हेही त्याला ठाऊक नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे असे तीसेक उपग्रह फिरत आहेत. प्रत्येकात अणूवर चालणारे घड्याळ आहे, आणि 'मी अमुक आहे, इथे आहे, आता इतके वाजले' एवढेच तो अखंड सांगत असतो. मी आप्पांना साखर कारखान्याच्या भोंग्याचा दाखला दिला. भोंग्याचा आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. भोंगा बरोबर आठला होतो हे माहीत असेल आणि आपले घड्याळ बिनचूक असेल, तर आवाज किती उशिरा आला यावरून कारखाना किती लांब ते कळेल. असे तीन-चार कारखाने एकदम वाजले तर आपण कुठे उभे आहोत तेही कळेल. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतो. आपल्या यंत्रातले घड्याळ साधे, म्हणून त्याची चूक काढायला एक जादा, असे किमान चार उपग्रह लागतात. वरची घड्याळे वेगामुळे आणि उंचीमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइनस्टाइनच्या गणिताने ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात कित्येक किलोमीटरची चूक व्हायची. हा शेवटचा भाग मी आप्पांना सांगितला नाही. वाचकांना सांगितला, कारण विज्ञान शाखेचे विद्यार्थी आम्हा कला शाखेवाल्यांना फार गृहीत धरतात.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. २००० सालच्या १ मेपर्यंत अमेरिका या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. सामान्य माणसाला शंभरेक मीटरच्या फरकाने जागा कळे, अचूक जागा फक्त त्यांच्या सैन्याला. त्या रात्री बारा वाजता ही भेसळ बंद झाली. भारताने स्वतःच्या अशाच योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. पाटीवरच्या चुकीचे मी उगाच हसले, असे वाटले; तिकडे तर चूक ठरवून करीत होते.

हिंदुस्थानचा नकाशा मुलाने तिकडूनच विकत घेऊन दिला, तो रात्रभर उतरवून घेतला. चौथ्या दिवशी आप्पा ट्रायल मारायला निघाले. दोन माणसे लागणार, म्हणून मी मागे. दोघांनी ती हेल्मेटे घातली. निळे दिवे लागले. मी आप्पांच्या मागे गाडीवर कितीदा बसले आहे. दवाखान्यात, शाळेत, बाजारात. गाडीवर आप्पा कधी बोलत नाहीत. आज एकदम त्यांचा आवाज कानाच्या आत आला, अगदी डोक्याच्या मधोमध : "ऐकू येतंय का?"

"येतंय."

कोयनेचा पूल ओलांडला, वारुंजी फाट्यावरून पाटण रस्त्याला लागलो. यंत्रातली बाई मधेच इंग्रजीत बोलली.

"काय म्हणतीय ती?"

"चारशे मीटरवर डावीकडे वळा म्हणतीय."

"म्हायतीय मला."

मग बराच वेळ नुसता वारा. माइक ठीक होता, वारा फारसा येत नव्हता. उसाच्या ट्रॉल्या मागे टाकीत आम्ही साठच्या वेगाने चाललो होतो. मला त्यांची पाठ आणि हेल्मेटचा मागचा भाग एवढेच दिसत होते.

"ते एम. ए. कुठं असतं?"

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. म्हटले, "काय?"

"एम. ए. गं. बी. ए.च्या फुडचं."

"कोल्हापूरला. शिवाजी विद्यापीठात."

"किती लांब?"

"सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर असेल."

"असंल न्हवं. ह्या मशिनला विचार की. कशापाय लावलंय?"

मी खांद्यावरून हात पुढे करून यंत्राला विचारू शकत नव्हते. गाडी चालू होती. म्हटले, "थांबल्यावर विचारते. पण आप्पा, मी गेले तर दुकानात हे कोण वाचणार?"

"वही हाय की," ते म्हणाले. मग म्हणाले, "माइक थोडा लांब झाल्यागत वाटतोय तुझा. दाब बघू."

परत आल्यावर त्या विषयावर ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. हेल्मेट काढल्यावर आमच्या घरात असे विषय निघत नाहीत.

संध्याकाळी जोडपे आले. आप्पांनी सीट काढून पूल दाखविला, तो उपसून पुन्हा लावून दाखविला. गृहस्थांनी वाकून एकेक वायर पाहिली आणि मजुरी विचारली. आप्पांनी पंधराशे सांगितली. मला ती कमी वाटली, पण मी बोलले नाही. त्यांनी दोन हजार दिले. बाईंनी हेल्मेट चढविले, मागे बसल्या, आणि गाडी नाक्याच्या दिशेने गेली. आम्हाला काही ऐकू येत नव्हते, पण बाईंची मान हलत होती. तीन आठवड्यांनी त्यांचा कन्याकुमारीहून फोन आला. सगळे उत्तम चालले होते. "तक्रार एकच," त्या म्हणाल्या. "आता ऐकू येतं, तरी उत्तर देत नाहीत."

ती वही आता मल्टिमीटरच्या वर खिळ्याला टांगली आहे. आप्पा दुपारी मल्टिमीटर पुसण्याऐवजी ती वाचतात. समासात त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे : 'पावडर लावने', 'कुड्या काडून ठेवने', 'डायोड ईसरू नये'. ते शुद्धलेखन मी तपासलेले नाही. त्या जोडप्याकडून ऐकून आणखी दोघे येऊन गेले. एकाचे काम आप्पांनी माझ्याशिवाय, वही उघडी ठेवून पुरे केले.

दुसऱ्याचा संच निराळ्या कंपनीचा निघाला. त्याला बटण नाही, चक्र आहे. जोड करण्याची रीतही वेगळी, आणि दोनच नव्हे तर एका ताफ्यातल्या अनेक गाड्या एकमेकींशी बोलतील अशी सोय त्यात आहे. वहीचे सातवे पान त्याला लागू पडत नाही. आप्पांनी तो खोका काउंटरवर, माझ्या अर्थशास्त्राच्या टिपणांशेजारी ठेवला आहे. परीक्षा चोवीस तारखेला संपते. गिऱ्हाइकाला त्यांनी सव्वीस तारीख दिली आहे.